गच्चीवरचा एक तास, ११६ फोटो

(गच्ची, रात्रीचे साडेनऊ. पाण्याची टाकी, मागे शहराचा नारिंगी उजेड.)

हे जुळे सोलापूर, शहराचा दक्षिणेकडचा भाग. ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा एका फोटोत पकडायच्यात, म्हणून कॅमेरा उत्तरेकडे म्हणजे बरोबर शहराच्या उजेडाच्या तोंडावर लावलाय. पर्याय नाही. आपलं अक्षांश साडेसतराच्या वर, त्यामुळे ध्रुवतारा पण क्षितिजापासून तेवढाच वर, हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरल्या तर त्याच्याही जरा खालीच, टाकीच्या शेजारी.

आता शटर तासभर उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होणार, कारण तो उजेड साठत जातो. म्हणून ३० सेकंदांचा एकेक फोटो, मध्ये एक सेकंदाची फट, असे तासात ११६. पृथ्वी तेवढ्यात १५ अंश फिरते.

पहिल्यांदा केलं तेव्हा कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन, म्हणजे लांब फोटोतले नको ते ठिपके घालवायची सोय, बंद करायचं विसरलो, मग तो प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ स्वतःचा एक काळा फोटो काढत बसला आणि सकाळी बघतो तर ताऱ्यांच्या रेषा कुठल्या, धावदोरा घातलाय नुसता.

(लॅपटॉपचा स्क्रीन.)

हे गिंप, फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, १९९६ पासून आहे. फाईल मेनूत ओपन ॲज लेयर्स, सगळे फोटो सिलेक्ट, की एकावर एक थप्पी. सोलापूरचा माणूस इथं लगेच चादरींच्या थप्पीचं उदाहरण देणार, मीही द्यायचो, पण ते चुकतं, कारण वरची चादर खालचीला झाकून टाकते. इथं लेयरचा मोड लाइटन ओन्ली केला की प्रत्येक ठिपक्याला फक्त तुलना होते, वरचा उजळ की खालचा उजळ, जो उजळ तो राहतो. बेरीज होतच नाही. शहराचा उजेड ११६ फोटोंत जवळपास सारखाच, म्हणून तो एका फोटोइतकाच राहतो, आणि तारा सरकत असतो म्हणून त्याची रेष होते. सगळी गंमत एवढीच आहे खरं तर.

एक भानगड आहे. २४ मेगापिक्सेलचा एक लेयर उघडला की साधारण ७२ एमबी, ११६ चे आठ जीबीच्या वर, माझ्या लॅपटॉपची रॅमच आठ जीबी, बसा मग फॅनचा आवाज ऐकत. मी वीस-वीस फोटो मर्ज करतो आणि शेवटी ते सहा एकावर एक टाकतो. रिझल्ट तोच येतो, सगळ्यात उजळ ठिपका कुठल्याही क्रमाने शोधला तरी तोच सापडणार ना.

मार्च-एप्रिलमध्ये इथला स्लॅब रात्री दहालाही तापलेला असतो, सेन्सर पण तापतो, मग लाल-निळे ठिपके येतात आणि लाइटन त्यांनाही इमानेइतबारे जपून ठेवतं. त्यासाठी शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगला एक फोटो काढायचा आणि तो सगळ्यात वर सबट्रॅक्ट म्हणजे वजाबाकीच्या मोडला ठेवायचा, बरेचसे जातात.

(त्र्याहत्तरावा फोटो. टाकीजवळ पांढरा झोत.)

ह्या शेजारच्या काकू. अंथरूण टाकायला बॅटरी घेऊन वर आल्या, "अंधारात काय करायलास रे?" म्हणत झोत सरळ लेन्सवर. मोठ्यांना काय बोलणार. पण इथं फोटो फेकायची गरज नाही, त्याच लेयरवर काळा ब्रश घेऊन तेवढा झोत रंगवला की झालं, तुलनेत काळा कधीच जिंकत नाही. त्या जागी ताऱ्याच्या रेषेत बारीक फट पडते, ती झूम केल्याशिवाय दिसत नाही.

(पूर्ण फोटो. मग ध्रुवावर झूम.)

आणि झूम केलंच आहे तर हे बघा, ध्रुव. अढळ म्हणतो आपण, पण तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच लांब आहे, त्यामुळे त्याचीही छोटीशी रेष आलीये.

काकूंना फोनवर दाखवला. बराच वेळ बघितला त्यांनी.

"छान आलाय. माझी बॅटरी कुठं गेली ह्यातली?"