ट्रॅक्टरची नोट आणि शंभर ट्रिलियन

नमस्कार मंडळी. तलावपाळीची हवा सोडून नोटा बघायला आलात, म्हणजे एकतर हौशी आहात किंवा नंतर वडे आहेत हे कळलंय. विषय बोर्डवर लिहिलाच आहे, 'नोटेवरून देश कसा ओळखावा'. तिकडे येतोच, पण आधी एक सांगून टाकतो, नाहीतर शेवटी सगळे तेच विचारणार. पाचची ट्रॅक्टरवाली नोट लाखाला जात नाही. ज्यांनी खिशातून आणली असेल त्यांनी ती खिशातच राहू द्या!

मी जगभरच्या नोटा जमवतो हे सोसायटीत कळल्यापासून लिफ्टमध्ये जायची सोय राहिली नाही, वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत जो तो पाकीट उघडून ७८६ दाखवतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना तर फोनच आला, तुमची ट्रॅक्टर नोट पाच लाखांना घेतो, फक्त रजिस्ट्रेशनचे पैसे आधी भरा, आणि वर व्हॉट्सअ‍ॅपवर रिझर्व्ह बँकेचं लेटरहेड, सहीशिक्क्यासकट. नशीब, पैसे भरायच्या आधी मला दाखवलं. लेटरहेडवर अशोकस्तंभ! म्हटलं काकू, रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्यात वाघ आणि ताडाचं झाड असतं, घरातली कुठलीही नोट काढून बघा. (एक रुपयाची सोडून, ती भारत सरकारची, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते, पण ते जाऊ दे.) २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केलं होतं की जुन्या नोटांच्या व्यवहारात आम्ही नसतो, कमिशन-बिमिशन घेत नाही. काकूंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, मग तूच घे, तुला चार लाखांत देते.

सेक्रेटरीसाहेब घड्याळ दाखवतायत, म्हणजे आता विषय.

ही पहिल्या रांगेतून फिरवतोय, कव्हरमधून काढू नका, ठाण्याच्या दमटपणात घामाचा डाग कायमचा बसतो. झिंबाब्वेची १०० ट्रिलियन डॉलर, २००९ ची, १ वर १४ शून्यं. पुढच्या बाजूला माणूस नाही, एकावर एक रचल्यासारखे दगड आहेत. २०१५ मध्ये तिकडच्या सरकारने ही रोखीत बदलून दिली तेव्हा एका नोटेचे अमेरिकन ४० सेंट मिळत होते. आज शौकीन त्याच्या कितीतरी पट मोजतात. शून्यं बघितली की तिजोरीची तब्येत कळते.

आता आकडे बघा. बर्मा, १९८७. २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा अचानक रद्द, बदलून काही नाही, आणि नव्या आल्या ४५ आणि ९० च्या. का, तर तिकडचे हुकूमशहा ने विन यांना ९ आकडा लकी, असं सांगतात. ४ आणि ५ नऊ, ९ आणि ० नऊ. ७८६ वाल्यांना हसताय ना, इथे अख्खा देश त्यात गेला. पुढच्याच वर्षी लोक रस्त्यावर उतरले.

इंडोनेशियाची १९९८ ची २०,००० रुपियाची नोट, तिच्यावर आपला गणपती, ती वडे खाताना दाखवतो.

शेवटची, खास ठाणेकरांसाठी. आखातात तेव्हा आपलाच रुपया चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाचे रुपये छापले, कारण आपले रुपये तिकडे जाऊन सोन्याच्या तस्करीत फिरत होते. ज्यांचे काका-मामा तेव्हा कुवेत-बहारीनला होते त्यांनी ट्रंका उघडा. नंबर झेडने सुरू होत असेल तर मला फोन करा. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका.