बंबवाले मामा

(गुढीपाडव्याच्या शोभायात्रेनंतर मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडी काटछाट करून.)

मंडळी, नमस्कार. सकाळी शोभायात्रेत लेझीम पथकाच्या पुढं चालणारे ते पांढऱ्या शर्टातले गृहस्थ कोण, असं मला दहा जणांनी तरी विचारलं. ते कोल्हापूरच्या फायर ब्रिगेडमधून निवृत्त झालेले जवान. सध्या लेकीकडं आलेत. सजवलेल्या गाडीत बसा म्हटलं, तर म्हणाले, "गाडीतनं मिरवायचं ते गणपतीनं. मी चालतो की." नाव वेबसाइटवर टाकायचं नाही ही अटही त्यांचीच, म्हणून मी नुसतं मामा म्हणते.

आमच्या घरी बंब म्हणजे न्हाणीतला, पाणी तापवायचा. त्यामुळं लहानपणी मला प्रश्न पडायचा, आग विझवायला गरम पाणी कशाला नेतात? मामांना हे सांगितल्यावर ते हसले. म्हणाले, "नोकरीत आगीपेक्षा पाण्यानंच जास्त दमवलं."

ते पाणी तुम्हालाही आठवत असेल. 2019 चा ऑगस्ट. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. त्या आठवड्यात पाणी 55 च्या पुढं गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. मी इथं रात्र रात्र फोनवर तो आकडा बघत बसायची. आई शाहूपुरीत, पहिल्या मजल्यावर. बॅटरी पुरावी म्हणून दिवसातून एकदाच बोलायची. माझा पूर एवढाच, फूट आणि इंच.

मामांकडून ऐकला तो पूर वेगळाच होता. गल्लीत बोटीचं इंजिन चालवता येत नाही. खाली कंपाउंडच्या भिंती नि बुडालेल्या मोटारसायकली, वर वायरी. पंख्यात एखादी साडी गुंतली की संपलं. मग इंजिन वर उचलायचं आणि वल्ह्यानं, नाहीतर दोर ओढत पुढं सरकायचं. बरं, दारात बोट आली म्हणून माणसं लगेच निघतात असंही नाही. कुणाचं कुलूप सापडत नाही, कुणाचे देव राहिलेत. आणि गावाकडं तर जनावरं.

एक आजी काही केल्या बोटीत बसेनात. गोठ्यात म्हशी होत्या. बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं पोहतं. हे आजींना ठाऊक, बोटीवरच्या नव्या पोराला नाही. मामा छातीभर पाण्यात उतरले आणि आजींच्याच विळ्यानं दावी कापली. म्हशी नाकपुड्या वर धरून उंचवट्याकडं निघाल्या. त्या पार पलीकडं लागल्यावर आजी बोटीत बसल्या, पण वाटभर मामांशी एक शब्द बोलल्या नाहीत.

"का हो?"

"विळा पाण्यात पडला न्हवं माझ्या हातनं."

माझ्या आईला काढलं ती बोट मामांची नव्हती, उगाच जुळवून सांगत नाही. किती लोक काढले, हेही ते सांगत नाहीत. सांगतात ते तालमीच्या पोरांचं. "बोट आमची, पण गल्ली त्यांची. कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं हाय, ते पोरांनाच म्हाईत." 2021 च्या जुलैत पाणी 56 फुटांवर गेलं, तेव्हा पुन्हा त्याच गल्ल्या आणि बरीचशी तीच पोरं.

आगीचं मात्र ते एकदाच बोलले. 8 ऑगस्ट 2024 ची रात्र, केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी उभारलेलं, खासबाग मैदानाला लागून असलेलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मामा निवृत्त झालेले, तरी चप्पल अडकवून धावले. "पाइप धरायला हात शिवशिवत हुते," म्हणाले, "पण गणवेश नव्हता. गर्दी मागं सारत उभा ऱ्हायलो." पुढं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आज या हॉलमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी पहिलं काय पाहिलं असेल? गुढी नाही, रांगोळी नाही, तर मागच्या दाराला लावून रचलेल्या आपल्या जादा खुर्च्या. खजिनदारांना बाजूला घेऊन म्हणाले, "ते दार मोकळं करा आधी." मघाशी तो जो खडखडाट झाला ना, तो त्याचा.

आता दार मोकळं आहे. मामा, या वर. फेटा कोल्हापुरीच आणलाय.