जिना उतरण्याआधी

[परळ. चाळीचा लाकडी जिना, कॅमेरा खालून वर.]

१०८ वर फोन येतो: "दम लागलाय, बोलता येत नाहीये." महाराष्ट्रात २०१४ पासून ही ॲम्ब्युलन्स मोफत येते, सोबत डॉक्टर असतो. पण चाळीत गाडी थांबते खालच्या चौकात. पुढचे तीन मजले चढायचेच. ऑक्सिजनचा सिलिंडर, अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), नेब्युलायझर (औषधाचं धुकं करणारं यंत्र) आणि घडीची खुर्ची एकाच फेरीत वर गेली पाहिजे.

[खोली. कॉटच्या कडेला बसलेला पेशंट.]

दारातूनच बघा. पुढे वाकलाय, हात गुडघ्यांवर टेकलेत. गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जातोय. नाव-गाव विचारलं की वाक्य दोन शब्दांवर तुटतं. यंत्र लावण्याआधी एवढं कळतं.

घरचे त्याला आडवं करू बघतात. करू देऊ नका. आडवं केलं की पोटाचा दाब छातीच्या पडद्यावर येतो, आणि हृदयामुळे फुप्फुसात पाणी झालं असेल तर दम आणखी वाढतो. शुद्धीवर आहे तोवर बसलेलाच राहू द्या.

[छातीवर कॅमेरा. डॉक्टरच्या मनगटावरचं घड्याळ.]

श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचे, पेशंटच्या नकळत. मोठ्या माणसाचे १२ ते २० असतात. ३० च्या वर किंवा १० च्या खाली म्हणजे धोका. मग बोटाला ऑक्सिमीटर. बोटं गार असली, नखांवर गडद नेलपॉलिश असलं तर आकडा फसवतो. आगीच्या धुरातून काढलेल्या माणसाचा तर ९९ सुद्धा दिसेल, कारण कार्बन मोनॉक्साइड भरलेलं रक्त या यंत्राला ऑक्सिजनचंच वाटतं. तिथे आकड्याकडे न बघता जास्तीत जास्त ऑक्सिजन द्यायचा.

स्टेथो दोन्ही बाजूंना लावा. शिट्टीसारखा आवाज बहुधा दम्याचा. खाली बुडबुडे आणि तोंडाला गुलाबी फेस, म्हणजे हृदय. सगळ्यात फसवी असते ती शांत छाती. घरघर थांबली, पेशंट पेंगायला लागला, घरच्यांना हायसं वाटतं. खरं तर हवा आत जाणंच थांबत आलेलं असतं.

[नेब्युलायझरचा कप, जवळून. वाफ.]

दम्याला साल्ब्युटामॉल ५ मिलिग्रॅम आणि इप्राट्रोपियम अर्धा मिलिग्रॅम, एकाच कपात. ऑक्सिजन मिनिटाला ६ ते ८ लिटर. कमी ठेवला तर धुकं नीट होत नाही, मोठे थेंब घशातच राहतात. कप उभाच धरायचा. साल्ब्युटामॉल वीस मिनिटांनी पुन्हा देता येतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन इथेच द्यायचं, कारण त्याला काम करायला तास लागतात. हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीपर्यंत थांबलात तर तेवढे तास पुढे गेले.

बॅगवाला मास्क, म्हणजे ज्याला ऑक्सिजन साठवणारी पिशवी असते तो, १० ते १५ लिटरवर. आधी बॅग फुगू द्या, मगच तोंडाला लावा. श्वास घेताना ती पूर्ण चपटी होत असेल तर लिटर वाढवा. वर्षानुवर्षं विडी ओढून फुप्फुसं खराब झालेल्या पेशंटला मात्र ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के पुरे. त्याला ऑक्सिजन भरमसाट दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो गुंगीत जातो.

श्वासच मंदावले तर अम्बू बॅग: पाच-सहा सेकंदांना एकदा, छाती उचलेल एवढंच दाबायचं. दम्यात त्याहून सावकाश, नाहीतर आतली हवा बाहेर पडत नाही, साचत जाते आणि बीपी कोसळतं. घाईत जोरजोरात दाबलं की हवा पोटात जाते, उलटी होते, ती फुप्फुसात उतरते.

[सिलिंडरचा घड्याळी काटा.]

काळा सिलिंडर, पांढरा खांदा. बी टाइप पूर्ण भरला, म्हणजे काटा १५० वर असला, की साधारण १५०० लिटर. १५ लिटरने शंभर मिनिटं. काटा ७५ वर असेल तर पन्नास, आणि ट्रॅफिक यातच धरायचा. चावी सिलिंडरलाच बांधलेली हवी, वॉशर जास्तीचा खिशात. रेग्युलेटरला तेल-ग्रीस कधीच नाही.

[जिना. खुर्ची खाली येते.]

आता उतरायचं. वर एक, खाली एक, सिलिंडर तिसऱ्याकडे. नळी कठड्यात अडकून सुटते, म्हणून प्रत्येक वळणावर थांबून मास्क बघायचा. पुष्कळ इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, खुर्ची मावते. प्रत्येक गाडीत ती असायलाच हवी.

[केईएम हॉस्पिटलचं फाटक. कॅज्युअल्टी.]

काही पेशंट इथून व्हेंटिलेटरवर जातात, काही दोन दिवसांत घरी. कॅज्युअल्टीत आधी सांगायचं ते हे: ऑक्सिजन लावण्यापूर्वीचा आकडा, नंतरचा आकडा, श्वास किती होते, कुठलं औषध किती वाजता दिलं.