दार लावून बसलेली घूस

आकाशवाणी सांगलीच्या श्रोत्यांना नमस्कार.

उसाच्या सरीत ताज्या मातीचा उकीर दिसतो, पण बिळाचं तोंड काही सापडत नाही. तुमच्याकडे असं होतं का? आमच्या मळ्यात दरवर्षी होतं. वडील उघडी बिळं शोधत बांधभर हिंडायचे, दिसेल त्यात पाटाचं पाणी सोडायचे. निघायचं काय, तर फार तर एखादा खेकडा. घूस ज्या बिळात असते, त्याचं तोंड ती आतून मातीनं बुजवून घेते. उघडं बीळ बहुतेक वेळा सोडून दिलेलं घर असतं.

इंग्रजीत हिला ‘मोल रॅट’ म्हणतात. खरा मोल निराळा. तो गांडुळं आणि किडे खातो, आणि भारतात तो बघायचा तर पूर्व हिमालयाकडे जावं लागतं. आपली ही उंदराच्याच कुळातली, लहान घूस. शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. वजन पाव किलोच्या आसपास, शेपूट अंगापेक्षा आखूड. बँडिकूट हा शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कू’वरून आला, म्हणजे डुक्कर-उंदीर. नाव ठेवणाऱ्यानं नीट पाहिलं होतं. डिवचली की केस ताठ करून ती डुकरासारखी गुरगुरते.

स्वभाव एकलकोंडा. पिल्लं असतील तेवढे दिवस सोडले, तर एका बिळात एकच. आत झोपायची जागा वेगळी, धान्याची कोठारं वेगळी. शिवाय एक चोरवाट, जिच्या तोंडावर मातीचा पातळ पापुद्रा तेवढा ठेवलेला असतो. तुम्ही इकडून खणायला लागलात की ती तिकडून डोक्यानं तो फोडून पसार. कोठारात शाळूची कणसं, भुईमुगाच्या शेंगा. सुगी झाल्यावर गरीब घरची माणसं बिळं उकरून त्या शेंगा काढायची, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. शेंगा आपल्याच शिवारातल्या!

उसात ती बुडख्याजवळची पेरं कुरतडते. लोळलेला ऊस आणि गवतानं माजलेला बांध तिला फार आवडतो. कृष्णेला पाणी चढलं म्हणून ती बुडून मरेल, या भरवशावर राहू नका, पट्टीची पोहणारी आहे. गाभण राहिल्यापासून तीन आठवड्यांच्या आसपास विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं, आणि तीन महिन्यांत ती पिल्लंही विण्याजोगी होतात.

झिंक फॉस्फाइड या उंदीर मारायच्या औषधाचं आमिष एकदम ठेवू नका. थोडं खाऊन पोटात कालवलं की ती पुन्हा त्याला तोंड लावत नाही. आधी दोन-तीन दिवस तेल लावलेला साधा भरडा द्या, मग औषधाचा. हात उघडे नकोत, पोरं-कुत्री जवळ नकोत. ब्रोमॅडिओलोन हे दुसरं उंदीर मारायचं औषध खाऊन अर्धमेली झालेली घूस गव्हाणी घुबडानं उचलली, तर ते विष घुबडालाही बाधतं. रात्रभर फुकट राखण करणारा गडी आपणच घालवायचा! धामणही तशीच, दिसली की लगेच काठी शोधू नका.

पण औषधाच्याही आधी एक करा. संध्याकाळी शेतातली सगळी बिळं पायानं दाबून बुजवा, उकीर सपाट करा. सकाळी जिथं पुन्हा ताजी माती वर आली असेल, तिथं काटकी रोवा, घूस तिथंच आहे. आमच्या मळ्यात पहिल्यांदा हे केलं तेव्हा साठेक बिळांपैकी अकरा ठिकाणीच काटकी रोवावी लागली. त्यातली नऊ तर वडिलांनी कधी पाहिलीच नव्हती, पाचटाखाली होती.

नमस्कार.