करवलीचे दोन्ही हात भरलेले असतात

राम राम मंडळी. ताई, मावशी, फुई, वहिनी, सगळ्यांना नमस्कार, आणि ज्या पोरींच्या घरात येत्या दोन-तीन महिन्यांत लगीन आहे, बहिणीचं असो का भावाचं, त्यांनी रेडिओचा आवाज जरा वाढवा, आज बोलायचंय ते तुमच्या लांब केसांबद्दल आणि त्याच्या अंबाड्याबद्दल.

मी पारोळ्याची. १७ वर्षं झाली पार्लर चालवतेय, नवरीचे केस तर बांधतेच, पण मला खरी काळजी लागते ती करवलीची. नवरीला सगळे सांभाळतात हो, तिची एक बट सुटली तर चार जणी धावतात, मुंडावळी सरकली तर मामी लगेच नीट करते. करवलीकडे कोण बघतं? आणि तिचे दोन्ही हात तर भरलेले. एकीच्या हातात करा, त्यावर नारळ, दुसरीच्या हातात दिवा आणि वारा येतो म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा. त्यात आपल्याकडे मंगलाष्टकांच्या आधी पाहुण्यांचे सत्कार, मग आशीर्वादाची भाषणं, माईक एकाकडून दुसऱ्याकडे, तोवर ती पोरगी तशीच उभी. अंबाडा सुटायला लागला तर हात लावता येत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, करवलीचा अंबाडा असा पाहिजे की सकाळी बांधला आणि रात्रीपर्यंत ती विसरून गेली.

हे मी अनुभवाने सांगतेय. १९ वर्षांची होते, चुलत बहिणीच्या लग्नात करवली, धुळ्याला लगीन, माझे केस तेव्हा कमरेच्या खाली. एका पार्लरमध्ये मला उंच अंबाडा घालून दिला, आरशात बघितला तर इतका सुंदर की मी स्वतःलाच दोनदा बघितलं. तिसरं मंगलाष्टक चालू झालं आणि मागे काहीतरी जड सरकतंय असं वाटायला लागलं. हातात करा. मी मान डावीकडे वाकवून त्याला तोलून धरलं, शेवटच्या अक्षता पडेपर्यंत तशीच. अल्बममधल्या एकूण एक फोटोत माझी मान वाकडी आहे, आणि त्या फोटोंत माझी आजी पण आहे, नंतर ती गेली, म्हणजे तिच्यासोबतचा माझा सरळ मानेचा फोटोच नाही. रात्री आईने पिना काढल्या, ५२ निघाल्या. टाळूला हात लावू देत नव्हते, "डोकं दुखस व माय" एवढंच म्हणत बसले होते.

५२ पिना असून अंबाडा सरकला कसा, हे मला पुढे या धंद्यात आल्यावर कळलं. आपण जी काळी चपटी पिन वापरतो ना, बॉबी पिन, तिचं नावच बॉब कटवरून पडलंय. १९२० च्या दशकात तिकडे बायकांनी केस मानेपर्यंत कापायला सुरुवात केली आणि ते आखूड केस जागेवर बसावेत म्हणून ही पिन घरोघरी गेली. म्हणजे तिचं काम हलक्या आखूड बटेला दाबून धरायचं. तिच्यावर आपण कमरेपर्यंतच्या दाट केसांचं ओझं टाकतो, ती कशी पेलणार? ती उघडते आणि सरकते. लांब केसांना लागतो तो आपला जुना आकडा, यू आकाराचा, आपल्या आज्या-पणज्या खोप्याला लावायच्या तो. तो दाबत नाही, अडकवतो.

आणि आकड्याच्या पण आधी लागतो पाया. सुगरणीचा खोपा बघितलाय ना, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लटकलेला? तो पक्षी, आणि घरटं विणणारा तो नर असतो बरं का, आधी फांदीला गवताच्या काड्यांची घट्ट गाठ मारतो, मग त्याचं कडं करतो, आणि मगच खाली सगळं विणकाम. वारावादळात फांदी हलते, खोपा हलतो, पण सुटत नाही. केसांचा खोपा पण असाच. आधी कडं, मग शोभा.

आता कसं करायचं ते सांगते, घरी बहीण बहिणीला करू शकेल असं. कानापासून कानापर्यंत भांग पाडून पुढचे केस वेगळे काढून क्लिपमध्ये ठेवा, त्यांना शेवटी हात लावायचा. मागच्या केसांची पोनी बांधायची, पण केस दाट आणि कमरेपर्यंत असतील तर एक नाही, दोन पोन्या, एक वर आणि तिच्या खाली चार बोटांवर दुसरी, म्हणजे वजन दोन जागी वाटलं जातं आणि एका जागचीच मुळं ओढली जात नाहीत. रबर कापड गुंडाळलेलं घ्या, दूधपिशवीला लावतात ते पिवळं रबर लावू नका, ते केस कापतं. मग दोन्ही पोन्यांच्या साध्या तीनपेडी वेण्या घाला, आणि वेणीच्या कडा बोटांनी हळूहळू ओढून फुगवा, वेणी एकदम रुंद दिसायला लागते, पैसे टाकून स्टफिंग आणायची गरजच नाही. वरची वेणी उजवीकडून गुंडाळा, खालची डावीकडून, दोन्ही एकमेकींना धरून बसतात. झाला अंबाडा.

आकडा लावायची पण रीत आहे आणि ती फार जणींना माहीत नसते. आकडा सरळ खुपसायचा नाही. अंबाड्याच्या कडेचे थोडे केस आकड्यात घ्या, तसंच टाळूलगतचे थोडे केस घ्या, मग आकडा उलटा फिरवून अंबाड्याच्या मध्याकडे ढकला. साडीला फॉल लावताना सुई कशी दोन्ही कापडं धरून जाते, तसंच. असे चारही बाजूंनी मिळून १०-१२ आकडे खूप झाले. बॉबी पिन वापरायचीच तर पुढच्या बटांना वापरा आणि तिची नागमोडी बाजू टाळूकडे ठेवा, गुळगुळीत बाजू वर. बऱ्याच जणी उलटी लावतात कारण नागमोडी बाजू दिसायला डिझाइनसारखी वाटते, पण ते वळण केस धरायलाच दिलंय.

पोरी येतात आणि मोबाईल पुढे करतात, ताई असं पाहिजे. फोटोत कोण असतं, तिकडची ब्राइड्समेड, म्हणजे त्यांच्या लग्नात नवरीसोबत उभ्या राहणाऱ्या मैत्रिणी. गाऊन घातलाय, मागून गळा मोठा, मानेवर सैलसर अंबाडा, त्याला शिन्याँ म्हणतात, आणि तो फ्रेंच शब्द मुळात मानेच्या मागच्या भागाचाच आहे. गालावर चार बटा मुद्दाम सोडलेल्या. छान दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण त्या मुलीला डोक्यावर पदर घ्यायचा नाहीये, तिच्यावर कुणी अक्षता टाकणार नाहीये. आपल्याकडे आजेसासरे दिसले की करवली असली तरी लग्न झालेली असेल तर पदर डोक्यावर जातो. उंच अंबाड्यावर पदर घेऊन बघा, तंबू दिसतो आणि सरकतो. म्हणून लग्न झालेल्या करवलीला मी नेहमी खालचाच अंबाडा सांगते, मानेच्या खळगीच्या जरा वर, त्यावर पदर शांत बसतो. आणि गालावरच्या बटा आपल्या मे महिन्यात अर्ध्या तासात घामाने चिकटतात, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास गेलेला असतो, मांडवात पंखे असले तरी हवा भट्टीचीच. सोडायच्याच तर कानापुढे एकेक बारीक बट सोडा, बाकी सगळं मागे.

केस आदल्या दिवशी धुवायचे, लग्नाच्या सकाळी नाही. ताजे धुतलेले केस निसटतात, आकडा धरत नाही. आणि ओल्या केसांचा अंबाडा तर अजिबात नको, ओला केस ताणला जातो, लवकर तुटतो, शिवाय दाट अंबाडा आतून दिवसभर वाळत नाही, वास येतो. कंडिशनर फक्त खालच्या अर्ध्या भागाला. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होत असतील तर शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या, तेवढ्याने पण फरक पडतो.

गजऱ्याचं सांगते. मोगरा उन्हाळ्यातलाच, त्यामुळे लग्नसराईत भरपूर मिळतो, पण सकाळी घातलेला गजरा गोरज मुहूर्तापर्यंत तपकिरी होतो. यावल-रावेरकडच्या बायकांचं बघून मी शिकले, त्या गजरा केळीच्या पानात गुंडाळून वरून ओलं फडकं लावून ठेवतात, आणि मांडवात जायच्या आधी दहा मिनिटं घालतात. आपल्याकडे केळीच्या पानाला काय तोटा. गजरा अंबाड्याच्या खालच्या अर्ध्या भागाला बांधा, पूर्ण गोल नको, वजन पण कमी आणि अंबाड्याची वीण पण दिसते, एवढी मेहनत केली ती दिसायला नको का.

आता जे सांगते ते नीट ऐका, हे मी प्रत्येक करवलीच्या आईला पण सांगते. हेअर स्प्रे पेट घेतो. त्यात अल्कोहोल असतं आणि डब्यातला गॅस पण जळणारा असतो. करवलीच्या हातात पेटता दिवा असतो, समोर होम असतो. म्हणून दिवा पेटायच्या निदान अर्धा तास आधी स्प्रे मारून झाला पाहिजे, तो पूर्ण वाळला पाहिजे, आणि मांडवात तर टचअप म्हणून कुणी स्प्रेचा डबा काढूच देऊ नका. मारताना पण वीतभर लांबून, हलकासा. जास्त मारला की केस चिकट राहतात आणि मग अक्षता. कुंकवात भिजवलेले तांदूळ चिकट केसांत जाऊन बसतात, मागे केस विंचरून फुगवलेले असतील तर त्या जाळ्यात असे अडकतात की दुसऱ्या दिवशी पण निघतात. अंबाड्यावर बारीक जाळी लावली तर अक्षता वरच्या वर राहतात, झटकल्या की पडल्या. जाळी केसांच्या रंगाची असली की दिसत पण नाही.

नवरदेवाकडच्या करवलीचं गणित वेगळं आहे. तिला वऱ्हाडाच्या गाडीत बसून जायचं असतं, शिरपूरहून जळगाव म्हटलं तरी दोन-अडीच तास, मानेवर अंबाडा असेल तर सीटला डोकं टेकता येत नाही, टेकलं तर अंबाडा चपटा. तिने घरून फक्त दोन वेण्या घालून निघायचं, आकडे आणि जाळी पर्समध्ये, आणि जानोशाला पोचल्यावर वेण्या गुंडाळायच्या, दहा मिनिटांचं काम. पाया घरून पक्का असला की पुढचं कुणीही करून देतं, अगदी चौदा वर्षांची धाकटी बहीण पण.

घट्ट किती बांधायचं, हे सगळ्या विचारतात. बांधून झालं की भुवया वर करून बघा. कपाळ ओढल्यासारखं वाटलं तर जास्त घट्ट आहे, सोडा आणि परत बांधा, पाहुणे थांबलेत म्हणून तसंच जाऊ नका. डोकं दुखतंय म्हणजे मुळं ओढली जातायत. एका दिवसाने काही होत नाही, पण हळद, साखरपुडा, लगीन, पूजा असं चार-चार दिवस आणि वर्षात पाच लग्नं, असं सतत ओढलं की कपाळाच्या कडेचे आणि कानाजवळचे केस विरळ व्हायला लागतात, आणि फार वर्षं ओढले तर परत येत पण नाहीत. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंतची वेणी म्हणजे तुमची पाच-सहा वर्षं आहेत. मला म्हणून लांब केसांवर जबरदस्ती केलेली बघवत नाही.

रात्री पाठवणी झाली, सगळे थकले, पोरी तशाच झोपतात. नका झोपू. आईच्या नाहीतर बहिणीच्या पुढ्यात बसा, ताटली घ्या, आधी गजरा, मग जाळी, मग एकेक आकडा ज्या वाटेने गेला त्याच वाटेने उलटा फिरवून बाहेर. कंगवा लगेच लावू नका, स्प्रेवर आधी बोटांनी खोबरेल तेल चोळा, पंधरा मिनिटं जाऊ द्या, आणि मग विंचरायला टोकाकडून सुरुवात, टाळूकडून नाही. आकडे सकाळी मोजून लावले होते तेवढेच ताटलीत आले पाहिजेत. बारा लावले आणि अकराच आले तर दिवा लावा आणि शोधा, पाहुण्यांच्या घरात गाद्या जमिनीवर टाकलेल्या असतात आणि लहान लेकरं अनवाणी फिरतात.