कुंडीचा शेवट पहिल्याच दिवशी ठरवा

(तालुक्यातील शिक्षक-पालक मेळाव्यात एप्रिल महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षक बंधू-भगिनींनो आणि पालकहो, नमस्कार.

टेबलावर तीन वस्तू ठेवल्या आहेत. ही पहिली, तांदळाची पांढरी विणलेली गोणी. एका शाळेत हिच्यात माती भरून दुधी भोपळ्याचा वेल लावला होता. एक पावसाळा आणि एक उन्हाळा हिनं उघड्यावर काढला. आता मी हिचा कोपरा दोन बोटांत धरून नुसता चोळतो. बघा, चुरा झाला. इथं तो टेबलावर पडला म्हणून दिसतोय. शाळेत तो मातीत पडतो आणि दिसेनासा होतो. दुसरी वस्तू ही पाण्याची बाटली, कापून, ऑइल पेंटनं छान रंगवून कुंपणाला टांगलेली. हिच्यातलं रोप केव्हाच वाळलं. भंगारवाल्याला दाखवली तेव्हा तो म्हणाला, ‘गुरुजी, रंगवलेला माल पुढं कोणी घेत नाही.’ आणि तिसरी वस्तू हा गोडेतेलाचा पांढरा, जाड कॅन. वरचा भाग कापलाय, तळाला भोकं पाडलीत. उन्हात हा गोणीपेक्षा जास्त दिवस राहिला. यात वांगी झाली, टोमॅटो झाले. अजून आपटला तरी फुटत नाही, आणि ज्या दिवशी नको असेल त्या दिवशी भंगारवाला वजनावर घेऊन जाईल.

तिन्ही कुंड्या मुलांनीच केलेल्या, तितक्याच मायेनं. तरी पहिल्या दोघींनी शाळेत कचरा वाढवला. मला आज जे सांगायचंय ते या फरकाबद्दल आहे. प्लास्टिकची कुंडी केली म्हणजे त्या प्लास्टिकची विल्हेवाट लागली असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. आपण त्याला फक्त मुदतवाढ देतो. मुदत संपल्यावर ती वस्तू कुठं जाणार, हे ज्या दिवशी तिच्यात माती भरली त्याच दिवशी मुलांना ठाऊक असलं पाहिजे.

२६ जुलै २००५ आपल्यातल्या अनेकांना आठवत असेल. मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी तुंबण्याची कारणं बरीच होती, पण गटारांत आणि नाल्यांत अडकलेल्या पिशव्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. पुढच्याच वर्षी राज्यानं अविघटनशील कचऱ्याचा कायदा केला. त्याच कायद्याखाली मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरून फेकायच्या कित्येक वस्तूंवर बंदी आली. कायदे आहेत. पण घरातून रोज निघणारी दुधाची पिशवी, तेलाचा कॅन, पाण्याची बाटली यांच्यावर सरसकट बंदी नाही. त्या येतच राहणार. त्यामुळं शाळेचं काम तिथून सुरू होतं.

आधी एक विनंती पालकांना आणि आम्हा शिक्षकांनाही. शाळेत प्रकल्प दिला की ‘उद्या प्रत्येकानं एक बाटली आणा’ असं सांगितलं जातं. घरात बाटली नसते. मग संध्याकाळी दुकानातून थंड पेयाची बाटली येते, रिकामी केली जाते आणि सकाळी शाळेत पोचते. कचरा कमी करायच्या प्रकल्पासाठी कचरा विकत आणला जातो. हे थांबवू या. मुलानं आठवडाभर घरातला कोरडा कचरा एका पोत्यात साठवावा, शनिवारी वर्गात ओतावा, आणि त्यात जे निघेल त्यातूनच बाग करावी. एखाद्या घरातून काहीच निघालं नाही, तर त्या मुलाचं सगळ्यांसमोर कौतुक करा. त्याला सगळ्यात जास्त गुण द्या.

हा ढीग ओतला की मुलांना प्रत्येक वस्तूचा तळ बघायला लावा. तळाशी बाणांचा त्रिकोण असतो आणि आत आकडा. १ म्हणजे पेट, पाण्याची आणि थंड पेयाची बाटली. २ म्हणजे जाड पॉलिथिन, तेलाचे कॅन, शाम्पूच्या बाटल्या. ४ म्हणजे पातळ पॉलिथिन, म्हणजे दुधाची पिशवी ज्या जातीची असते ती. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, श्रीखंडाचा डबा, काही बाटल्यांची झाकणं, आणि मघाची ती गोणीही. ६ मध्ये थर्माकोल येतो. चौथीतली पोरं दोन दिवसांत हे आकडे पाठ करतात आणि घरी जाऊन आजीच्या लोणच्याच्या बरणीचा तळसुद्धा तपासतात. बागेसाठी २ आणि ५ चे जाड डबे सगळ्यात चांगले. थर्माकोल माझ्या बागेत अजिबात येत नाही. त्याचे मणी वाऱ्यानं गावभर होतात. वेफर्सच्या चमकदार पाकिटांत दोन-तीन वेगळ्या साहित्यांचे थर चिकटवलेले असतात, ते वेगळे होत नाहीत, म्हणून त्यांचीही पिशवी करू नका.

आता दुधाच्या पिशवीबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण ती प्रत्येक घरात आहे आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही.

पिशवी कापताना आपण काय करतो? कात्रीनं कोपरा उडवतो. नखाएवढा तो तुकडा मोरीतून गटारात जातो. पिशवी एक वेळ भंगारात जाईल, तो तुकडा कधीच जाणार नाही. म्हणून पहिला धडा हा की कोपऱ्यावर फक्त चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लटकत राहिला पाहिजे. हे मुलं घरी जाऊन आईला शिकवतात, आणि आया ऐकतात, असा माझा अनुभव आहे. मग पिशवी वरच्या कडेनं पूर्ण उघडायची, पाण्यानं दोनदा धुवायची, उलटी करून दोरीवर वाळवायची. थेंबभर दूध राहिलं तरी दुसऱ्या दिवशी वास सुटतो आणि मुंग्या लागतात.

भोकं कशानं पाडायची यावरही एका वर्गात मोठी चर्चा झाली. ऑफिसातलं पंचिंग मशीन सोपं वाटलं. मुलांनी भराभरा पाडली. मग एका मुलीनं मशीनची डबी उघडून दाखवली, ती प्लास्टिकच्या टिकल्यांनी भरली होती. ‘सर, ह्या कुठं टाकायच्या?’ त्या दिवसापासून आम्ही दाभण वापरतो. दाभणानं भोक पडतं आणि तुकडा निघत नाही. तळाशी चार, बाजूला खालच्या अंगाला चार, पुरे झाली.

पिशवीत दोन भाग गाळाची माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. नुसती काळी माती भरू नका. ती पाणी धरते, वाळली की दगडासारखी आवळते आणि मुळं गुदमरतात. अर्ध्या लिटरची पिशवी रोपवाटिकेतल्या लहान काळ्या पिशवीचं काम व्यवस्थित करते. झाडाच्या सावलीत ठेवली तर एक हंगाम टिकते. भर उन्हात ठेवू नका, पिशवीही जाते आणि रोपही.

इथं मला एक मोठी गोष्ट बोलायची आहे. आपल्या राज्यानं २०१६ साली दोन कोटी झाडं लावायचा संकल्प केला, मग चार कोटी, मग तेरा कोटी, आणि २०१९ साली तेहतीस कोटी. किती जगली यावर पुष्कळ बोललं गेलं. पण बहुतेक रोपं पिशवीतून येतात. त्या पिशव्या कुठं गेल्या? कुठल्याही वृक्षारोपणाच्या दुसऱ्या दिवशी त्या माळावर जाऊन बघा. खड्ड्याशेजारी काळ्या पिशव्या फाटून पडलेल्या असतात, काही झाडांच्या बुंध्यातच पुरलेल्या असतात. पिशवीसकट लावलेल्या रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात आणि झाड जोर धरत नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, रोप लावायला जाताना हातात एक रिकामं पोतं न्यायचं. पिशवी ब्लेडनं उभी चिरायची, मातीचा गड्डा न फोडता काढायची, तळाशी वळलेली मुळं थोडी छाटायची, आणि पिशवी पोत्यात. जितकी रोपं नेली तितक्या पिशव्या परत आल्या पाहिजेत. मोजून घ्यायच्या. गणिताच्या तासाला हे फार छान जमतं.

परसबागेकडं येतो. पोषण आहाराच्या खिचडीत शाळेच्या अंगणातली कोथिंबीर पडली की मुलं वेगळ्या चवीनं जेवतात, हे इथल्या सगळ्यांनी पाहिलंय. मेथी, कोथिंबीर, शेपू, माठ यांची मुळं उथळ असतात. बाटली आडवी धरून कापली तरी भागतं. वांगं, टोमॅटो, मिरची मात्र बाटलीत लावून मुलांचा हिरमोड करू नका. त्यांना तेलाचा कॅन किंवा फुटकी बादलीच लागते. पेटची बाटली पारदर्शक असते, त्यामुळं आत शेवाळ येतं आणि मुळांना उजेड सोसत नाही. रंग देण्याऐवजी तिला जुन्या चादरीची पट्टी गुंडाळा. शेवटी पट्टी सोडली की बाटली स्वच्छ, भंगारवाला घ्यायला तयार.

पाण्याचं आमच्या सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण-खटावकडं वेगळंच. मार्चपासून टँकरची वाट बघणारी गावं आहेत. तिथं बागेला पाणी कुठून घालणार? शाळा सुटताना मुलं आपल्या बाटलीत उरलेलं पाणी पायरीवर ओततात. तेच आम्ही कुंडीत ओतायला लावलं. शिवाय वातीची कुंडी करतो. बाटली वरून तिसऱ्या हिश्शावर कापायची. झाकणाला भोक पाडून सुती कापडाची वात ओवायची. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवायचा. खाली पाणी, वर माती, मधून वात. माती लागेल तेवढं पाणी वर ओढते. हिवाळ्यात शनिवार-रविवार निर्धास्त जातो.

पण या कुंडीत एक धोका आहे आणि तो प्रत्येक शिक्षकानं लक्षात ठेवावा. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून दोन भाग घट्ट बसले पाहिजेत, फट दिसली तर कापडानं बुजवा. आठवड्यातून एक वार ठरवून खालचं सगळं पाणी मातीत ओतून भाग घासून कोरडे करायचे. सोमवार म्हणजे सोमवार, सण असला तरी मंगळवार. बागेमुळं एका जरी मुलाला ताप आला तर त्या बागेचा उपयोग काय?

आणि तितक्याच गांभीर्यानं सांगतो, कीटकनाशकाची, तणनाशकाची बाटली किंवा कॅन शाळेत येता कामा नये. धुतली आहे, उन्हात वाळवली आहे, काहीही सांगू द्या. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरायचं नाही. त्याच विषाचा डबा मुलाच्या हातात द्यायचा आणि त्यात मेथी लावायची? आपल्याकडं बहुतेक घरं शेतकऱ्यांची, म्हणून असे डबे हमखास येतात. विष किती जहाल ते सांगणारा डब्यावरचा रंगीत चौकोन मुलांना ओळखायला शिकवा. तसंच सलाइनच्या बाटल्या. ठिबकासाठी त्या सोयीच्या वाटतात, पण तो दवाखान्याचा कचरा आहे, त्याची विल्हेवाट दवाखान्यानंच लावायची असते.

कापाकापी शिक्षकांनी करावी, धार असलेल्या कडेवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवावी. प्लास्टिक जाळून किंवा चुलीवर वितळवून काहीही करू नये. बाकी बारीकसारीक तुम्हाला सुचेलच.

आता कुंडीच्या शाळेबाहेर पडायच्या वाटेबद्दल. आमच्याकडं एक वही आहे. प्रत्येक कुंडीला क्रमांक. वहीत लिहायचं: कोणाच्या घरून आली, तळाचा आकडा कोणता, काय लावलं, आणि शेवटचा रकाना ‘कुठं गेली’. तो रकाना रिकामा असेपर्यंत ती कुंडी आपली जबाबदारी. कडक झाली, पिवळी पडली, बोटानं दाबल्यावर चिरेल असं वाटलं की चुरा व्हायच्या आत माती काढून, धुऊन ती पोत्यात जाते. वर्षातून दोनदा भंगारवाल्यांना शाळेत बोलावतो आणि त्यांनाच बोलू देतो. कुठला माल जातो, कुठला राहतो, भाव का पडतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पुण्यात कचरावेचक बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना उभी केली, पुढं त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. या माणसांच्या हातांमुळं आपलं प्लास्टिक पुन्हा कामाला लागतं. मुलांनी त्यांना ‘काका’, ‘मावशी’ म्हणून हाक मारावी, त्यांच्यासमोर खुर्ची ठेवावी, चहा द्यावा. माझ्या दृष्टीनं हा बागेइतकाच मोठा धडा आहे.

एकानं आल्याआल्या मला विचारलं, मे महिन्यात काय करायचं? सरळ उत्तर देतो. मेमध्ये बाग ठेवू नका. मार्चअखेर शेवटची मेथी काढा, डबे रिकामे करा, माती एका कोपऱ्यात ढीग करून पालापाचोळ्यानं झाका, डबे धुऊन वर्गात सावलीत रचून ठेवा. उन्हापासून वाचलेले हे दोन महिने डब्याचं आयुष्य वाढवतात, आणि सुट्टीत रोपं वाळून गेल्याचं दुःख मुलांच्या वाट्याला येत नाही.

आज एप्रिल आहे. १५ जूनला शाळा उघडेल तेव्हा निंबोळ्या पडत असतील, जांभळं सुरू झालेली असतील. या दोन्ही बिया साठवून चालत नाहीत, ताज्या ताज्याच लावाव्या लागतात, निंबोळी दोन-तीन आठवड्यांत उगवायची थांबते. चिंचोके मात्र आत्ताच मिळतात, ते डब्यात भरून ठेवा आणि लावण्याआधी रात्रभर भिजवा. म्हणजे पिशव्या जूनच्या आधी तयार हव्यात. उद्या सकाळी दूध आलं की कोपऱ्याला नुसती चीर द्या, पिशवी धुवा आणि दोरीवर घाला. वहीचा नमुना आणि दाभणं मी बरोबर आणली आहेत, जाताना प्रत्येक शाळेनं एकेक घेऊन जावं.