मागे राहिलेल्यांचं काम

नमस्कार मंडळी. आपल्यातले बरेच जण नोकरीनिमित्त इकडे अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये आलेत, कोणी आयोवात डिमॉईनला इन्शुरन्समध्ये, कोणी वॉटर्लूला नाहीतर मोलीनला ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरमध्ये, आणि वीकेंडला गाडी काढून शहराबाहेर पडलं की दोन्ही बाजूला मका आणि सोयाबीन, मध्येच एखादी पाण्याची टाकी, धान्याचं एलिव्हेटर म्हणजे उंच कोठार, आणि कुठेतरी चढावर थडग्यांच्या दहा-वीस दगडांची छोटीशी सिमेटरी. आपण पुढे निघून जातो. मी आज तिथे जरा थांबणार आहे. त्या माणसांची आठवण कोण ठेवतं, कशी ठेवतं, आणि कोणाची ठेवलीच गेली नाही, एवढंच बोलणार आहे. मी आमच्या काउंटीच्या (इकडचा जिल्हाच म्हणा) जीनिऑलॉजिकल सोसायटीत, म्हणजे घराण्यांचा इतिहास शोधणाऱ्या मंडळात, व्हॉलंटियर करते, जुन्या पेपरांतल्या ऑबिच्युरी, म्हणजे निधनाच्या बातम्या, टाईप करणं आणि दगडांवरची नावं उतरवून घेणं हे माझं काम, त्यामुळे जे सांगणार ते बरंचसं हाताखालून गेलेलं आहे.

ऑबिच्युरीपासूनच सुरू करते. गावच्या साप्ताहिक पेपरातली ऑबिच्युरी पहिल्यांदा वाचली की कोरडी वाटते. वय 91, मंगळवारी केअर सेंटरमध्ये निधन. जन्म गावाच्या दक्षिणेला आईवडिलांच्या शेतावर, बाप्तिस्मा आणि कन्फर्मेशन अमुक लूथरन चर्चमध्ये, शिक्षण आठवीपर्यंत कंट्री स्कूलमध्ये, लग्न, मग नवऱ्याबरोबर शेती आणि गायी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या, 4-एच या मुलांच्या क्लबच्या लीडर होत्या, त्यांच्या हातचा रुबार्ब पाय सगळ्यांना आवडायचा. मग मागे कोण कोण, मुलं, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं, कोण कुठल्या गावी राहतं ते सुद्धा. आणि मग आधी गेलेल्यांची ओळ, आईवडील, नवरा, दोन भाऊ, आणि एक मुलगी, जी तान्ही असतानाच गेली.

या शेवटच्या ओळीपाशी मी दरवेळी थांबते. ते बाळ सत्तर वर्षांपूर्वी गेलंय, दोन दिवस जगलं असेल नाहीतर दोन महिने, आणि इतकी वर्षं आई सोडून कोणी त्याचं नाव घेतलं नसेल, पण आई गेली की पेपरात ते नाव भावंडांच्या बरोबरीने छापून येतं. बऱ्याचदा ते छापलं जायची ती शेवटची वेळ असते. म्हणून टाईप करताना मी ती ओळ कधीच गाळत नाही, कोणी म्हटलं की इंडेक्सला एवढी नावं कशाला, तरी नाही.

आणि ऑबिच्युरी हा फक्त कागदावरचा भाग झाला, गावात त्या आठवड्यात बाकी पण खूप काही चालू असतं. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी फ्युनरल होममध्ये व्हिजिटेशन, लोक रांगेत उभे राहून घरच्यांना एकेक करून भेटतात, दुसऱ्या दिवशी चर्चच्या बेसमेंटमध्ये जेवण, हॅम सँडविच, बटाट्याचं कॅसरोल, जेलो सॅलड, बार्स आणि कॉफी, आणि हे सगळं चर्चमधल्या बायका करतात, ज्यांच्या याद्या ठरलेल्या असतात की यावेळी कोणाची पाळी. हायवेवर अंत्ययात्रेच्या गाड्या दिसल्या की समोरून येणारे लोक गाडी बाजूला घेऊन थांबतात, ओळख असो नसो. आणि शेतकरी ऐन हंगामात गेला तर शेजारी आपापली कंबाईन, म्हणजे कापणी-मळणीची यंत्रं, आणि धान्याचे ट्रक घेऊन येतात आणि आधी त्याचं पीक काढून देतात, मग स्वतःचं. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना कळेल हे किती मोठं आहे, कारण त्या दिवसांत प्रत्येकाचंच पीक उभं असतं आणि पावसाचा भरवसा नसतो.

आता हा पेपरच राहत नाहीये ही अडचण आहे. 2005 नंतर अमेरिकेत 2,500 पेक्षा जास्त वर्तमानपत्रं बंद पडली आणि त्यातली बहुतेक साप्ताहिकं होती. जे उरलेत त्यातले बरेच ऑबिच्युरीला पैसे घेतात, त्यामुळे घरचे लोक मजकूर आखडता घेतात, आणि आखडता घेताना आधी काय जातं, तर कंट्री स्कूल जातं, ऑर्गन जातो, आणि मला भीती वाटते की ते बाळ पण जातं.

दगडांकडे येते. इकडचे जुने दगड संगमरवराचे नाहीतर चुनखडीचे, दीडशे वर्षांच्या पावसाने अक्षरं गुळगुळीत झालेली, समोरून बघितलं तर नुसता पांढरा दगड. तर आरसा घेऊन जायचं, मोठा, आणि बाजूने तिरका उजेड टाकायचा, की उरलेल्या खोबणीत सावली पडते आणि नाव वर येतं. वायरचा ब्रश लावायचा नाही, शेव्हिंग फोम फासायचा नाही (पूर्वी लोक फासायचे, त्याने दगड खराब होतो), साधं पाणी आणि मऊ ब्रश. बऱ्याच दगडांवर जन्मतारीख नसतेच, मृत्यूची तारीख आणि वय असतं, आणि वय कसं, तर वर्षं, महिने, दिवस. समजा 14 मार्च 1879 आणि खाली 4 वर्षं 2 महिने 9 दिवस, म्हणजे मूल 5 जानेवारी 1875 ला जन्मलं. वर कोकरू कोरलेलं असलं की लहान मूल समजायचं. एका ओळीत अशी तीन कोकरं एकाच महिन्यातली दिसली की डिप्थीरिया वगैरे काहीतरी घरात शिरलं होतं हे न सांगता कळतं.

बायकांच्या बाबतीत मात्र चीड येते. दगडावर अमक्याची बायको. पेपरात तर अगदी 1960 नंतर सुद्धा मिसेस आणि पुढे नवऱ्याचं अख्खं नाव, तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही, ज्या बाईने सहा मुलं वाढवली, कोंबड्या आणि अंडी विकून घर चालवलं, तिचं नाव शोधायला मला सेन्ससचे कागद, चर्चचं रजिस्टर आणि माहेरच्या कोणाची तरी ऑबिच्युरी, ज्यात ती बहीण म्हणून येते, एवढं सगळं धुंडाळायला लागतं. मिळतं बहुतेक वेळा. पण हे धुंडाळायला लागू नये.

भाषेचंही असंच. जुन्या भागातले दगड जर्मन, नॉर्वेजियन, चेक भाषेत आहेत, आणि मग एका काळानंतर सगळं इंग्रजी होतं. थोडं ते आपोआप झालं, पिढ्या बदलल्या, पण थोडं करायला लावलं गेलं. पहिल्या महायुद्धात, मे 1918 मध्ये, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं की शाळेत, सार्वजनिक जागी, फोनवर आणि चर्चच्या उपासनेत फक्त इंग्रजी चालेल. युद्ध संपलं आणि डिसेंबरमध्ये ते मागे घेतलं, पण विचार करा, त्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरातलं म्हातारं माणूस गेलं त्यांनी चर्चमध्ये त्याला कुठल्या भाषेत निरोप दिला असेल.

सांभाळतं कोण, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. आयोवात टाउनशिप ट्रस्टी, म्हणजे काउंटीतल्या छोट्या भागाचे निवडून आलेले कारभारी, हे काम बघतात, थोडा कर असतो त्यासाठी, आणि ज्या सिमेटरीत गेल्या 50 वर्षांत 12 किंवा कमी दफनं झालीत तिला कायद्याने पायोनियर सिमेटरी म्हणतात. मंदीच्या काळात, 1930 च्या दशकात, डब्ल्यूपीए या सरकारी रोजगार योजनेतल्या माणसांनी काउंटी काउंटीत फिरून दगड वाचून याद्या केल्या, बेकारांना दिलेलं काम होतं ते, आणि आज बरेच दगड वाचता येत नाहीत तेव्हा आम्ही त्याच याद्या उघडतो. सीडर काउंटीत रोचेस्टर नावाची सिमेटरी आहे, 13 एकरांची, मे महिन्यात शूटिंग स्टार नावाच्या फुलांनी भरते, तिथे नक्की जा. ती जमीन कधी नांगरलीच नाही म्हणून मूळ प्रेरीचं, म्हणजे इथल्या जुन्या माळरानाचं, गवत तिथे टिकलं. अशा जागा शेजारच्या नांगरलेल्या शेतापेक्षा उंच दिसतात, कारण शेतातली माती दीड शतकात वाहून गेली आणि थडग्यांखालची राहिली.

पण हे सगळं कोणाच्या नशिबी, तर ज्यांच्या मागे सांगणारं कोणीतरी होतं. विस्कॉन्सिनमध्ये पेश्टिगो म्हणून गाव आहे. 8 ऑक्टोबर 1871 ला, शिकागो जळालं त्याच रात्री, जंगलाच्या आगीने ते अख्खं गाव आणि आजूबाजूची वस्ती खाल्ली. शिकागोत साधारण 300 लोक गेले, इकडे 1,200 ते 2,500, आणि आकडा एवढा सैल का, तर ओळख पटवायला घरातलं कोणी उरलंच नव्हतं. 1873 च्या अहवालात 1,182 मृत आणि बेपत्ता लोकांची नावं आहेत, आणि साधारण 350 जण एकाच मोठ्या थडग्यात, बिननावाचे.

पेश्टिगोत निदान आग होती. साउथ डकोटात कँटन गावी तसंही काही नव्हतं. तिथे 1902 ते 1934 फक्त नेटिव्ह अमेरिकन लोकांसाठी सरकारी मनोरुग्णालय होतं, देशभरातल्या जमातींमधून माणसं घरापासून शेकडो मैल दूर आणून ठेवली, आणि डॉ. सॅम्युअल सिल्क यांनी 1929 आणि 1933 मध्ये तपासणी केली तेव्हा हाल तर भयानक होतेच, पण बऱ्याच जणांना मनाचा आजारच नव्हता. 121 जण तिथे पुरलेले आहेत. थडग्यांवर दगड लावले नाहीत. नंतर ती जागा गावच्या गोल्फ कोर्सच्या मधोमध आली, आजही चौथ्या आणि पाचव्या फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या गवती पट्ट्यांच्या, मध्ये कुंपण आहे आणि एका फलकावर नावं आहेत. मी ती नावं वाचलीत, आणि प्रत्येक नावामागे कुठेतरी एक घर होतं जिथे कोणीतरी वाट बघत होतं, हे डोक्यातून जात नाही. मिनेसोटातल्या सरकारी संस्थांमध्ये सुद्धा सुमारे 13,000 माणसं नुसत्या नंबरच्या नाहीतर बिनखुणेच्या थडग्यांत होती. तिथे 1994 पासून अपंग व्यक्तींनी स्वतः पुढाकार घेऊन नंबरांच्या जागी नावांचे दगड बसवायला सुरुवात केली. जुनी रजिस्टरं काढून नंबर आणि नाव जुळवायचं, किचकट काम, पण केलं.

आता आपल्याकडे वळते. आपलेही लोक इथे जाऊ लागलेत, मुलाकडे येऊन राहिलेली आजी, पहिल्या पिढीतले काका. दहन होतं, अस्थी नाशिकला नाहीतर पंढरपूरला जातात, व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो आणि इथल्या काउंटीत डेथ सर्टिफिकेट सोडून काही राहत नाही. दगड नसणार हे मान्य, आपली रीत वेगळी. पण स्थानिक पेपरला नाहीतर फ्युनरल होमला चार परिच्छेद द्या. जन्म कुठल्या गावी, तालुका कुठला, माहेरचं नाव काय, कुठल्या शाळेत शिकवायच्या, इथल्या शेजारणीला काय करायला शिकवलं, आणि आधी गेलेल्यांमध्ये कोण कोण, सगळे लिहा.

आणि ज्यांना आमच्याबरोबर यायचंय त्यांनी मेमोरियल डेच्या, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, आधीच्या शनिवारी या. 1868 पासून हा दिवस 30 मेला पाळायचे, 1971 पासून मे मधला शेवटचा सोमवार, आणि गावातले लोक त्याच्या आधी गवत कापून झेंडे लावून जागा नीट करतात. आम्ही सकाळी जातो, ऊन तिरकं असतं तेव्हा. आरसे आमच्याकडे आहेत, तुम्ही पाण्याचे कॅन आणि मऊ ब्रश आणा, फोन चार्ज करून आणा, आणि फोटो काढताना चांगले दगड निवडू नका, ओळीने सगळे काढा, तुटलेले आणि कोरे दिसणारे पण, नंबर टाकून. आता प्रश्न असतील तर विचारा.